कै. डॉ. कमलाबाई सोहोनी : एक ओळख

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या हाताने काही लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी श्रावणातल्या सभेत सांगितले. कोणी खान्देशी पदार्थांच्या कृती देण्याचे ठरवले, कोणी विणकामाचे नमुने, तर कोणी पंढरीच्या वारीची हकिगत. मी सातवी शिकलेली बाई. लेखणीशी माझा संबंध वाणसामानाची यादी आणि दुधाचा हिशेब यांपुरताच. तरी या वेळी मी हात वर केला आणि एका बाईंचे चरित्र लिहून देईन असे सांगून बसले. सभेत त्यांचे नाव घेतले तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हते. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण असे सांगितल्यावर दोघीतिघींनी मान हलवली. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

ही ओळख मला पुस्तकातून आधी झाली नाही. ती झाली एका बटाट्यामुळे. म्हणून बटाट्यापासूनच सांगते.

माझी मुलगी धुळ्याला बी. एस्सी. करत होती. माझी बहीण धुळ्यात असते, तिच्याकडे राहून ती कॉलेजात जाई. अडीच वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या २८ तारखेला तिच्या कॉलेजात विज्ञान दिनाचे प्रदर्शन होते. पालकांनी यावे असा तिचा आग्रह. सासूबाईंचे जेवणखाण उरकून मी सकाळची एस. टी. धरली आणि एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला पोचले. कॉलेजच्या आत पाऊल टाकण्याची माझी ती पहिलीच वेळ. दारातच सर चंद्रशेखर रामन यांचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार. रामनसाहेबांनी १९२८ साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला आणि त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस पाळतात, असे तिथल्या एका मुलाने मला समजावले. मी फोटोला नमस्कार केला आणि मुलीचे टेबल शोधत आत गेले.

तिच्या टेबलावर काय असावे? बटाटे! एक कच्चा चिरलेला, एक उकडलेला. शेजारी काचेच्या नळ्या, बर्फाचे भांडे, कोमट पाणी, थर्मामीटर आणि जखम धुवायला वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड. तिने एका नळीत कच्च्या बटाट्याचे तुकडे टाकले आणि वरून ते औषध ओतले. बघता बघता नळीत दूध उतू जावे तसा फेस वर आला. दुसऱ्या नळीत उकडलेला बटाटा टाकून तेच औषध ओतले, तर काहीच नाही. बटाटा तोच, औषध तेच, फरक फक्त उकडण्याचा.

तिने मला समजावले ते असे. प्रत्येक सजीवाच्या अंगात काही प्रथिने अशी असतात की ती स्वतः खर्ची न पडता दुसऱ्या पदार्थांत झपाट्याने बदल घडवून आणतात. त्यांना एन्झाइम म्हणतात, शाळेच्या पुस्तकात विकर असा शब्द आहे. बटाट्यातले एक एन्झाइम पेरॉक्साइड फोडून त्यातून प्राणवायू मोकळा करते, त्याचाच तो फेस. उकडले की या प्रथिनाची घडी मोडते आणि त्याचे काम बंद पडते. मग तिने पिठाच्या पातळ खळीत आयोडिनचे थेंब टाकले, तर ती निळीशार झाली. त्याच खळीत थोडी थुंकी मिसळून थोडा वेळ ठेवली आणि मग आयोडिन टाकले, तर निळा रंग धरेना. लाळेतल्या एन्झाइमने पिठाची साखर करायला घेतली होती. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो, ते का, हे मला पंचेचाळिशीच्या घरात आल्यावर त्या टेबलापाशी कळले.

मी विचारले की बाई गं, हा तास कोणता? वनस्पतीशास्त्राचा की रसायनाचा? ती हसली. बटाटा वनस्पतीशास्त्राचा, पेरॉक्साइड रसायनाचे, थर्मामीटर पदार्थविज्ञानाचे, किती मिनिटांत किती वायू निघाला त्याचा आलेख गणिताचा, आणि हे सारे माणसाच्या पोटात कसे चालते ते शरीरशास्त्राचे. पहिल्या वर्षी हे विषय तिला चार घरांतल्या चार जावांसारखे वाटत. एकीचा दुसरीशी बोलण्याचा संबंध नाही. वह्या वेगळ्या, मास्तर वेगळे. तिचे मन त्यात रमेना, आणि कॉलेज सोडून घरी यायचे असे ती एकदा फोनवर रडतही म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी एन्झाइमचे प्रात्यक्षिक आले आणि त्या एका बटाट्याने चौघींना एका चुलीपाशी आणून बसवले. थंड पाण्यात फेस हळू, कोमट पाण्यात जोरात, कढत पाण्यात मुळीच नाही. हे कागदावर रेघ काढून तिने मला दाखवले तेव्हा मला आपले विरजण आठवले. दूध थंड असले तर दही लागत नाही, कढत असले तर विरजणच मरते, कोमट हवे. तिने सांगितले की विरजणात जिवंत जंतू असतात आणि त्यांचीही कामे एन्झाइमेच करतात. म्हणजे मी रोज रात्री जे करते ते शास्त्राला धरून होते! मला त्याचे नाव तेवढे ठाऊक नव्हते.

बोलता बोलता ती म्हणाली की बटाट्यावरच संशोधन करून एक मराठी बाई विलायतेत डॉक्टर झाल्या. आणि ज्यांच्या फोटोला दारात हार घातला आहे त्यांनी या बाईंना आधी आपल्या संस्थेत घ्यायला नकार दिला होता. ते ऐकून मी परत दाराकडे पाहिले. एस. टी.त बसल्यावरही ते डोक्यातून जाईना. पुढे मुलीने मला वाचायला पुस्तके आणून दिली. मी दुपारच्या वेळी, एका दिवसाला दोन-तीन पाने अशी वाचली. त्यावरून जे समजले ते माझ्या भाषेत लिहिते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव भागवत दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरला जमशेटजी टाटांच्या देणगीतून जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिथून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्यावहिल्या मुलांत हे दोघे भाऊ होते. घरात विद्येचा वारा वाहत होता. थोरली दुर्गाबाई साहित्याकडे आणि लोकांच्या चालीरीतींच्या अभ्यासाकडे वळली. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. धाकट्या कमलेने वडिलांची वाट धरली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. तिने रसायन हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन उत्तम रीतीने पुरी केली. मग वडील आणि काका शिकले त्याच बंगलोरच्या संस्थेकडे तिने अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. तिथले संचालक त्या वेळी रामनसाहेब होते. गुण कमी म्हणून नाही, बाई म्हणून. बायकांना संशोधन झेपणार नाही असे त्यांचे मत. बावीस वर्षांच्या त्या मुलीने काय करावे? परत फिरून घरी यावे? ती वडिलांसह बंगलोरला गेली, समक्ष भेटून कारण विचारले आणि नकार मागे घेईपर्यंत हटणार नाही असा सत्याग्रहच मांडला. ते दिवस गांधीजींचे होते, सत्याग्रह हा शब्द घरोघर गेला होता. शेवटी साहेब नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला रीतसर विद्यार्थिनी म्हणून धरायचे नाही, काम पाहून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्रीबेरात्रीही काम करायचे. आणि तिच्या असण्याने बाकीच्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

भगिनींनो, ही तिसरी अट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. दुसऱ्याचे लक्ष विचलित झाले तर दोष त्याचा की तिचा? पण तिने अटी मान्य केल्या, कारण त्यावाचून दार उघडत नव्हते. या अपमानाची सल मात्र त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली. रामनसाहेब थोर होते यात शंका नाही आणि त्यांच्या फोटोला घातलेला हार मी काढायला सांगणार नाही. पण थोर माणसाच्याही नजरेतून एखादी गोष्ट सुटते, एवढे आपण मुलींना सांगायला हवे.

तिथे श्रीनिवासय्या नावाचे गुरुजी त्यांना लाभले. ते शिस्तीचे कडक होते पण विद्या देताना त्यांनी हात आखडला नाही. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतली प्रथिने हा त्यांच्या कामाचा विषय. वर्ष सरले तेव्हा रामनसाहेबांची खात्री पटली, त्यांनी कमलाबाईंना रीतसर संशोधन करण्याची परवानगी दिली आणि त्यानंतर त्या संस्थेत आणखी मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्या. म्हणजे एका मुलीने वर्षभर खाली मान घालून जे काम केले, त्याने तिच्या एकटीपुरते नव्हे तर मागून येणाऱ्यांसाठीही दार मोकळे झाले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथे फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनाची मोठी प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल मिळाले होते. त्या प्रयोगशाळेत आधी डॉ. रिश्टर आणि मग डॉ. रॉबिन हिल यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. हिल हे वनस्पतींचा अभ्यास करणारे. आणि तिथे आपला बटाटा आला.

बटाट्याच्या पेशींत कमलाबाईंना सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन सापडले. हे नाव अवघड आहे, मीही पुष्कळदा घोकले तेव्हा जिभेवर बसले. त्याचे काम सोपे करून सांगते. आपण खातो ते अन्न शरीरात जळते, पण चुलीसारखे भडकून नाही, हळूहळू, टप्प्याटप्प्याने, आणि त्यातून अंगाला शक्ती मिळते. घराच्या पायाचे काम चालू असताना बायामाणसे ओळीने उभी राहतात आणि घमेले एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाते, तसे या जळणाच्या कामात विजेचे अगदी सूक्ष्म कण एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोचवले जातात. त्या ओळीत सायटोक्रोम सी उभे असते, आणि त्याच्या पुढचा गडी एक एन्झाइम असतो. ही ओळ वनस्पतीच्या पेशीतही उभी असते हे कमलाबाईंनी दाखवले. झाडाला तोंड नाही, नाक नाही, पण आतली श्वासाची रीत आपलीच. एका बटाट्यातून माणूस, जनावर आणि झाड यांचे गोत्र एक असल्याची खूण निघाली, असे मला तरी ते वाचून वाटले.

या कामावर त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला प्रबंध दिला. तो फक्त ४० पानांचा होता आणि तिथे पोचल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत पुरा झाला होता. जाडजूड पोथी नसली म्हणजे विद्या कमी, असे नसते. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. शास्त्रविषयात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनाचा विभाग नवा उघडला होता, तिथे त्या प्रमुख झाल्या. ते कॉलेज मुलींचे. पुढे दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात कुन्नूरला आहारशास्त्राची प्रयोगशाळा होती तिथे त्यांनी सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली, वयाच्या छत्तिशीत, माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. छत्तिसाव्या वर्षी लग्न हे वाचून आमच्या सासूबाईंनी जपमाळ थांबवली होती. पुढे त्यांना दोन मुलगे झाले, संसार उत्तम झाला, हे सांगितल्यावर माळ पुन्हा फिरू लागली.

१९४९ साली मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक म्हणून त्या रुजू झाल्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा खरा गाभा येथून पुढे आहे. ज्या मुलीला प्रयोगशाळेच्या दारात अडवले होते, ती आता दुसऱ्यांना प्रयोगशाळेत घेणारी झाली. आणि विषय तरी कोणते निवडले? विलायतेतून शिकून आलेल्या बाईंना तिथलेच एखादे अवघड काम इथे चालू ठेवता आले असते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे गरिबाच्या ताटातल्या वस्तू ठेवल्या. कडधान्ये, नीरा आणि तिचा ताडगूळ, तांदळाचे पीठ. यांत काय आहे, किती आहे, अंगी किती लागते, हे शोधायला लावले.

वालाचेच उदाहरण घ्या. आपण काय खातो यापेक्षा काय पचवतो हे महत्त्वाचे. अन्नातली प्रथिने फोडायला पोटात ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम असते. कच्च्या वालात एक पदार्थ असा असतो की तो या ट्रिप्सिनचा हात धरून ठेवतो, त्याला काम करू देत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५५ च्या सुमारास हा पदार्थ वालातून शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवले. असे अडथळे पुष्कळ कडधान्यांत असतात आणि नीट शिजवले की ते बरेचसे नाहीसे होतात. आपल्या आज्या वाल, मटकी भिजत घालायच्या, पाणी ओतून द्यायच्या आणि मग मऊ शिजवायच्या. कळण्याच्या भाकरीतले उडीद ज्वारीबरोबर दळून भाजले जातात, फुनके वाफवले जातात. कोणाही आजीने प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण शिजवण्याची रीत त्यांनी अनुभवाने बसवली होती. त्यामागचे कारण शोधायला मात्र प्रयोगशाळाच लागते, आणि ते शोधताना विद्यार्थ्याला वालाचे झाड, त्यातले रसायन, माणसाचे पोट आणि गरिबाचा संसार हे सगळे एकाच वेळी समजून घ्यावे लागते. माझ्या मुलीच्या टेबलावर बटाट्याने जे केले, तेच मोठ्या प्रमाणावर वालाने तिथे केले.

नीरेवरचे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असते आणि ती आटवून ताडगूळ केला तरी त्यांतले बरेच टिकते असे त्यांना आढळले. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी कुपोषण हा शब्द कोणाला नवा नाही, म्हणून हे काम मला विशेष जवळचे वाटते. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला असे.

एवढे करूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना उशिराच मिळाले. बाई म्हणून आणि आतल्या राजकारणाने ते चार वर्षे लांबले असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. म्हणजे बंगलोरचे दार १९३३ साली उघडले, तरी पुढची दारेही एकेक करून ढकलावीच लागली.

नोकरीबाहेरही त्यांनी हात जोडून बसणे पसंत केले नाही. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांना मार्गदर्शन करणारी एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या कामात पुढे होत्या आणि १९८२-८३ साली अध्यक्षा झाल्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी हे त्या गृहिणींना समजेल अशा रीतीने सांगत आणि संस्थेच्या कीमत या मासिकात लिहीत. केंब्रिजची पदवी घेतलेली बाई किराण्याच्या पुडीतली भेसळ दाखवायला बायकांत येऊन बसते, ही मला त्यांची सगळ्यांत मोठी पदवी वाटते. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

चरित्र इथे संपते, पण हे मी का लिहिले ते सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

मी धुळे जिल्ह्यातल्या लहान खेड्यातली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा शेजारच्या गावी, चार किलोमीटरवर. माझा सातवीत वर्गात दुसरा नंबर होता. पण रस्ता ओढ्यातून, एकटी मुलगी कशी पाठवावी, आणि शेतात कापूस वेचायला हात हवेच होते. आमच्या वडिलांना मी दोष देत नाही. आमच्या अहिराणीत मुलीला आंडेर म्हणतात, आणि आंडेर म्हणजे दुसऱ्याच्या घरची ठेव, हीच तेव्हाची समजूत. माझे दप्तर आईने कोनाड्यात ठेवले, ते लग्नापर्यंत तिथेच होते. मी काही सत्याग्रह केला नाही. तसे करता येते हेच मला ठाऊक नव्हते.

मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिला एक चांगले स्थळ सांगून आले. घरची शेती, केळीची बाग, मुलगा निर्व्यसनी. तिला जीवरसायनात एम. एस्सी. करायचे होते. घरात बैठक झाली. भाऊजी म्हणाले की पदवी झाली, आता पुरे. सासूबाईंचे मत त्यांच्याच बाजूला. मी आजवर अशा बैठकीत चहा देण्यापलीकडे काही केले नव्हते. त्या दिवशी चहाचे कप ठेवले आणि तिथेच बसले. मी म्हटले की तिला शिकू द्या. मला माझे दप्तर आठवत होते, पण ते मी बोलले नाही. मी कमलाबाईंची गोष्ट सांगितली, जमेल तशी, तुटक तुटक. सगळे ऐकून घेतल्यावर तिच्या बाबांनी निर्णय दिला की एक वर्ष पाहू. घरी राहून, जळगावातच शिकायचे, पहिल्या वर्षाचे मार्क पाहून पुढचे ठरवू, आणि सणावाराला, पाहुण्यारावळ्यांना घरकामात कसूर नको.

मुलीने आनंदाने होकार दिला. मी रात्री भांडी आवरताना विचार करू लागले, तेव्हा लक्षात आले की ही तर तीच अट! एक वर्ष परीक्षा पाहू, आणि कोणाला त्रास होता कामा नये. जवळजवळ नव्वद वर्षे लोटली तरी मुलीला विद्या द्यायची ती अटीवरच. आणि ती अट घालणारे कोणी परके नव्हते, आम्हीच होतो. तिच्या भावाला बारावीनंतर शिकायला पाठवताना एक वर्ष पाहू असे कोणी म्हटले नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे तिच्या बाबांना बोलून दाखवले. त्यांना राग आला नाही, ते बराच वेळ गप्प बसले. अट मागे घेतली असे ते तोंडाने म्हणाले नाहीत. पण दोन वर्षांची फी आपल्या हिशेबाच्या वहीत एकदम लिहून ठेवलेली मला पुढच्या आठवड्यात दिसली. त्या स्थळाला आम्ही नम्रपणे नकार कळवला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. ती कमलाबाई होईल असे मी म्हणत नाही. पण तिचे दप्तर कोनाड्यात गेले नाही.

आपल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्यांना अक्षर येत नव्हते, आणि आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठात खान्देशच्या मुली पदव्या घेतात. शेतात, चुलीपाशी आणि जात्यावर बाईच्या जवळ ज्ञान नव्हते असे कधीच नव्हते. ते तपासून पाहण्याची जागा आणि शिकवणारा माणूस तिला मिळत नव्हता. कमलाबाईंनी ती जागा भांडून मिळवली आणि मग दुसऱ्यांना दिली.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. कमलाबाईंचा जन्मदिवस १८ जूनला असतो. येत्या वर्षी त्या दिवशी आपण सर्वजणी जमू या. माझी मुलगी बटाट्याचा आणि खळीचा प्रयोग करून दाखवायला तयार आहे. प्रत्येकीने घरून वाटीभर दूध उकळून निववून आणावे. त्यात आयोडिनचे दोन थेंब टाकले आणि रंग निळा झाला, तर दुधात पिठाची भेसळ आहे असे समजावे. पेढ्याचा खवाही थोड्या पाण्यात उकळून असाच पाहता येतो. आणि येताना आपापल्या मुली, सुना, नाती यांनाही आणावे. काच फुटली तरी चालेल, हात त्यांचा लागू द्यावा.

लिहिण्यात चूकभूल झाली असेल ती भगिनींनी पदरात घ्यावी.

— मंडळाची एक सभासद, जळगाव